बावखलातलं पिवळं पाणी

सोसायटीच्या सभेला यशोदाकाकी वर्तक आल्या, त्या कुणी न बोलावता. दोन हजार चार सालचा जानेवारी होता. वसईजवळच्या उमेळ्याच्या त्या चार मजली इमारतीतली माणसं रविवारी सकाळी खाली पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बसली होती आणि स्कूटर कुणी कुठे लावायची यावरून वाद रंगला होता. काकी फाटकातून सरळ आत आल्या. हातातली कळशी त्यांनी कमिटीच्या टेबलावर टेकवली, अध्यक्षांच्या पुढ्यातला काचेचा पेला उचलला, त्यातलं पाणी फरशीवर फेकलं आणि कळशीतलं त्यात ओतलं. ते पिवळं होतं. गढूळ नव्हतं, स्वच्छच होतं, पण सरबतासारखं पिवळं.

"हे तुमच्या संडासाचं पानी," काकी म्हणाल्या. "आमच्या बावखलात उतरलंय. भिंतीकडचा सगळा मोगरा जळाला. आता आम्ही काय करायचं, ते तुम्ही सांगा."

बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठायचं आणि त्यावर वर्तकांची केळी, तगर, मोगरा वर्षभर पोसला जायचा. वाडी आणि सोसायटी यांच्यात एक भिंत होती, एवढाच शेजार. इमारतीत राहायला आलेल्यांपैकी बहुतेकांनी वाडीत कधी पाऊल टाकलं नव्हतं.

अध्यक्ष रमेश पेडणेकर उठून उभे राहिले. आमची सेप्टिक टँक पक्की आहे, झाडांवर रोग पडला तर त्याला सोसायटी काय करणार, असं ते चढ्या आवाजात बोलू लागले. काकीही मागे हटेनात. तेव्हा सेक्रेटरीने मध्ये तोंड घातलं. सेक्रेटरी होती अश्लेषा. कुणीच तयार होईना म्हणून ते काम तिच्या गळ्यात पडलं होतं. अंधेरीच्या एका खासगी प्रयोगशाळेत ती केमिस्ट होती. कारखान्यांचं सांडपाणी, विहिरींचं पाणी, कधी मसाले, असं काय काय तिच्याकडे तपासायला यायचं. तिने सांगितलं, की बावखलाचं आणि टाकीचं, दोन्हीकडचं पाणी मी स्वतः तपासून आणते, मग बोलू. पेडणेकरांना ते पटलं. काकींना पटलं नाही, पण त्या कळशी घेऊन गेल्या. पेला तेवढा टेबलावर राहिला आणि सभा संपेपर्यंत त्याला कुणी हात लावला नाही.

तपासणीत आपली बाजू धुतल्यासारखी स्वच्छ निघणार, याबद्दल अश्लेषाला शंका नव्हती. खरं तर त्यासाठीच तिने ते अंगावर घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी ती वाडीत गेली. भिंतीलगतचे मोगऱ्याचे वाफे पाहून ती थबकली. पानं कडेकडेने करपली होती, मातीवर पिवळसर पापुद्रा धरला होता. त्यापुढची केळी मात्र हिरवीगार. काकींचे यजमान गंगारामकाका ओटीवर पाय लांब करून बसले होते आणि दोन्ही पायांना फडकी गुंडाळली होती. अनवाणी पाटात उभं राहून झाडांना पाणी सोडायचं, हे त्यांचं जन्माचं काम. वर्षभरापासून पायांना बारीक बारीक खड्डे पडत होते, भरतच नव्हते. डॉक्टरांना साखरेचा संशय होता, पण साखर दोनदा तपासून झाली आणि दोन्ही वेळा नव्हती. अश्लेषाने फडकं सोडून दाखवायला सांगितलं. जखमा गोल होत्या, कुणी पंचने पाडल्यासारख्या. तिने फडकं पुन्हा बांधून दिलं.

तिने चार बाटल्या भरल्या. एक बावखलाची, एक वर्तकांच्या पिण्याच्या विहिरीची, एक सोसायटीच्या सेप्टिक टँकजवळची आणि एक वॉचमनच्या खोलीमागच्या बोअरची. बोअरचं पाणी सोसायटीत संडासांना आणि गाड्या धुवायला वापरत. प्यायला नळ आणि टँकर होते.

सांडपाण्यासाठी करायच्या तपासण्या तिने आधी केल्या. त्यात काही निघालं नाही. भिंतीपलीकडे सेप्टिक टँकचा थेंबही गेला नव्हता. तिथेच थांबून ती तसं लिहून देऊ शकली असती. पण बावखलाची बाटली खिडकीपाशी ठेवलेली होती आणि तो रंग तिला ओळखीचा वाटू लागला. नळांना, सायकलींच्या हँडलना क्रोमची झिलई चढवणाऱ्या छोट्या कारखान्यांचं पाणी यायचं, ते असंच दिसायचं. तिने ते तपासायचं रसायन काढलं आणि बावखलाच्या पाण्यात टाकलं. पाणी बघता बघता जांभळट गुलाबी झालं. क्रोमियम, आणि तेही त्याचं विषारी रूप. विहिरीच्या पाण्याला फिकी गुलाबी छटा आली. बोअरच्या पाण्याचा रंग इतका गडद झाला, की मोजण्यासाठी तिला ते पुन्हा पुन्हा पातळ करावं लागलं.

तिने सगळं नव्याने करून पाहिलं. उत्तर तेच.

त्या जागेवर पूर्वी एक प्लेटिंगची शेड होती, हे इमारतीतल्या सगळ्यांनाच कुठून कुठून ऐकून माहीत होतं. शेड बंद पडली, मालक वारला, त्याच्या मुलांनी जमीन बिल्डरला विकली, बिल्डरने शेड पाडून वर इमारत उभी केली. फ्लॅट घेताना रेल्वे स्टेशन किती लांब, पाणी किती वेळ येतं, हे सगळ्यांनी विचारलं होतं. जमिनीत काय आहे, हे विचारायचं असतं असं कुणाला ठाऊकच नव्हतं. अश्लेषालाही नाही, आणि तिचा तर धंदाच तो होता.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला, जितेंद्रला, सगळं सांगितलं. या घरापलीकडे त्यांच्याजवळ काही नव्हतं आणि त्याचे हप्ते अजून बरीच वर्षं चालणार होते. त्याने एवढंच विचारलं, "आधी कुणाला सांगणार?"

"पेडणेकरांना सांगायला हवं. सेक्रेटरी आहे मी."

"त्यांना सांगितलंस की ते म्हणतील, जरा थांबा."

तेही खरंच होतं. अश्लेषा म्हणाली, "काकींकडे ते पाणी पितात. आत्ताही पीत असतील."

"मग जा ना," जितेंद्र म्हणाला. "स्वयंपाकाला लागायच्या आत जा."

ती गेली तेव्हा काकींनी चुलीवर भाताचं आधण ठेवलं होतं. अश्लेषाने उभ्याउभ्याच सांगितलं, की विहिरीचं पाणी पिऊ नका, स्वयंपाकाला घेऊ नका, उकळूनही ते जात नाही. काकांचे पाय त्यानेच चिघळताहेत, बावखलात आणि पाटात पाय घालू देऊ नका. हे संडासाचं पाणी नाही, पण येतंय ते आमच्याच जमिनीतून. जुन्या कारखान्याचं आहे.

काकींनी फडक्याने टोप उतरवला. ओतून टाकायला त्या अंगणात गेल्या आणि टोप हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. ते आता कुठे टाकायचं, हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी तो जमिनीवर ठेवून दिला.

"पोरगा माझा याच पान्यावर वाढला," त्या म्हणाल्या. "नातू पन."

पोराचं बालपण शेड बंद व्हायच्याही आधीचं, तेव्हा हे विहिरीपर्यंत पोचलं तरी होतं का कुणास ठाऊक, असं अश्लेषा म्हणाली. धीर द्यायला दुसरं काही तिच्यापाशी नव्हतं आणि खोटं बोलायचं तिला जमलं नाही. नातवाला वसईच्या मोठ्या डॉक्टरकडे नेऊन रक्त-लघवी तपासून घेऊ, मी बरोबर येते, असं ती म्हणाली आणि पुढच्या आठवड्यात खरंच गेली. नातवाचं सगळं ठीक निघालं. दवाखान्याच्या बाहेर आल्यावर काकींनी तिला चहा पाजला.

कमिटीची बैठक मात्र वाईट झाली. पेडणेकर पहिल्यांदा घाबरले आणि नंतर चिडले. सोसायटीची बाजू घ्यायला पाठवलेल्या बाईने सोसायटीच्याच पायाखाली सुरुंग लावला, असं त्यांचं म्हणणं. ही गोष्ट चार भिंतींत ठेवू, बिल्डरशी गुपचूप बोलू, असं बहुतेकांचं मत पडलं. वर्तकांना सोसायटीच्या नळाचं पाणी द्यावं, असं अश्लेषाने सुचवलं तेव्हा तर, पाणी दिलं म्हणजे दोष कबूल केला, असा मुद्दा निघाला आणि ठराव बारगळला.

अश्लेषाला सर्वांत जास्त लागलं ते मायकल लोपीसचं बोलणं. तो तिसऱ्या मजल्यावर राहायचा, मूळचा वसईचाच. आई सालोमीचे गुडघे गेले होते आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. बोळिंजला लिफ्टच्या इमारतीत त्याने घर पाहून ठेवलं होतं, इथल्या फ्लॅटला गिऱ्हाईकही ठरलं होतं. आठवड्याभरात बातमी बाहेर फुटली आणि गिऱ्हाईक फिरलं. मायकल अश्लेषाच्या दारात आला, आत ये म्हटलं तरी आला नाही.

"दोन महिने थांबली असतीस तर तुझं काय जात होतं?" त्याने विचारलं.

"तुझं गिऱ्हाईक इथे राहायला आलं असतं, मायकल. त्यांनाही मुलं असतील."

"माझी आई आहे," तो म्हणाला आणि जिना चढून गेला.

दार लावून अश्लेषा तिथेच बसली. त्याचं चूक होतं असं तिला म्हणवेना आणि आपलंही चुकलं असं वाटेना. दर रविवारी सालोमीबाईंना खुर्चीत बसवून चर्चसाठी खाली उतरवावं लागायचं, चौघांनी मिळून. जितेंद्र न सांगता चौथा व्हायला जाऊ लागला. मायकलने त्याला नको म्हटलं नाही, पण तो त्याच्याशी बोललाही नाही. मायकलची बायको रेजिना मात्र बोलायची. यशोदाकाकींच्या कळशा अश्लेषाच्या घरच्या नळावर भरल्या जायच्या, आणि अश्लेषा कामावर असताना ते काम रेजिनाने आपल्याकडे घेतलं.

अश्लेषाने प्रदूषण मंडळाला अर्ज केला, त्यावर तिची सही होती आणि तिच्या शेजारी गंगारामकाकांची. सोसायटीची नव्हती. मंडळाकडून अनुज नावाचा तरुण इंजिनियर आला, स्वतःचे नमुने घेऊन गेला. त्याचे आकडे तिच्या आकड्यांशी जुळले. मग हाताने फिरवायचं लांब गिरमिट घेऊन त्याची माणसं आली आणि आवारात, वाडीत, रस्त्याच्या कडेला ठिकठिकाणी जमिनीत भोकं पाडू लागली. प्रत्येक भोकातली माती ओळीने कागदावर मांडली जायची. रस्त्याकडची माती तांबूस, नेहमीसारखी. भिंतीकडे सरकत गेलं तसा तिला पिवळा रंग चढत गेला. सर्वांत पिवळी माती निघाली मुलांच्या झोपाळ्याखाली.

गॅलरीतून सगळी सोसायटी बघत होती. अश्लेषाची मुलगी अनुष्का रोज संध्याकाळी त्या झोपाळ्यावर असायची. उतरताना चपला काढून मातीत पाय घासत थांबवायचा, ही सगळ्या पोरांची सवय. केमिस्ट म्हणून अश्लेषाने या जागेचा विचार पुष्कळ केला होता. आई म्हणून त्या दिवशी पहिल्यांदा केला. त्याच संध्याकाळी पेडणेकरांनी स्वतः खाली येऊन झोपाळ्याच्या साखळ्या सोडल्या. त्यांचा नातू त्यावर बसायचा. नंतर ते अश्लेषाकडे आले आणि अर्जावर सोसायटीची सही अजून चालेल का, असं विचारलं. चालेल, असं ती म्हणाली. त्या दोघांत माफीबिफीचं बोलणं झालं नाही.

तरीही काम सुरू व्हायला वर्ष गेलं. बिल्डरचं म्हणणं, घाण कारखान्याची, मी का काढू. कारखान्याच्या मालकाची मुलं सापडली, पण त्यांच्याकडे ना कारखाना होता ना जमीन. शेवटी गाडी पुढे सरकली ती वेगळ्याच कारणाने. त्याच प्लॉटवर बिल्डरला दुसरी इमारत बांधायची होती आणि जमीन स्वच्छ झाल्याशिवाय परवानगी नाही, असं त्याला लेखी कळवण्यात आलं. मग त्याला घाई झाली. अश्लेषाला हे कळलं तेव्हा ती जितेंद्रला म्हणाली, की माझ्या वर्षभराच्या खेट्यांपेक्षा त्या एका कागदाने जास्त काम केलं. जितेंद्र म्हणाला, तो कागद निघाला कशामुळे?

पुढच्या फेब्रुवारीत खणायला सुरुवात झाली. पावसाच्या आत संपवायचं होतं. खड्डा पाण्याने भरला तर सगळं पुन्हा वाडीत उतरलं असतं. झोपाळ्याच्या जागी पुरुषभर खाली विटांची एक टाकी लागली. तळाला तडे गेलेले. शेडमधलं वापरून संपलेलं क्रोमचं पाणी वर्षानुवर्षं तिथे सोडलं जात असणार, आणि पाडणाऱ्यांनी वर भराव टाकून ती तशीच गाडली होती. विटा फोडल्या की आतून हळदीसारख्या निघायच्या. रबरी बूट आणि हातमोजे घातलेली माणसं ती माती पिशव्यांत भरत, ताडपत्रीने झाकलेले ट्रक ती तळोज्याला धोकादायक कचऱ्याच्या जागेवर नेत. एकदा एका कामगाराने उकडतं म्हणून हातमोजे काढले, तर यशोदाकाकी भिंतीवरून ओरडल्या आणि त्यांनी काकांना हाक मारून त्यांचे पाय त्याला दाखवले. त्याने हातमोजे पुन्हा घातले.

माती गेली तरी पाणी उरलं होतं. भिंतीलगत नव्या बोअर पाडून ते उपसायचं, टाक्यांत घ्यायचं आणि त्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचा हिरवट क्षार, घालायची, असं ठरलं. हिराकशीने क्रोमियमचं विषारी रूप साध्या रूपात बदलतं, मग चुना टाकला की ते गाळ होऊन तळाशी बसतं. बोलायला सोपं, करायला चिकट काम. रविवारी अश्लेषा टाकीपाशी उभी राहून स्वतः तपासून बघायची. पिवळं पाणी ढवळता ढवळता मळकट हिरवं व्हायचं, मग ढवळणं थांबवायचं, आणि तासाभराने वरचं पाणी निवळायचं. काकी भिंतीपलीकडे स्टूलावर चढून बघत. पहिल्यांदा निवळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हे आता प्यायचं?"

"नाही हो काकी. अजून बरेच दिवस नाही."

"मंग दाखवते कशाला?" असं म्हणून त्या हसल्या. अश्लेषाने त्यांना हसताना आधी पाहिलं नव्हतं.

उपसा आणि हिराकस पुढे दोन उन्हाळे चालली. विहिरीचं पाणी आधी सुधारलं, बावखलाचं फार सावकाश. भिंतीलगतच्या वाफ्यांतली माती काढून बाहेरची माती घातली, तरी तिथे खायचं काही लावू नका असं अनुजने सांगितलं होतं. वर्तकांनी तिथे काहीच लावलं नाही. मोगऱ्याचा त्यांचा हार-गजरेवाला दुसरीकडून फुलं घेऊ लागला होता, तो परत आला नाही. गंगारामकाकांचे पाय भरून आले. खड्ड्यांच्या जागी पांढरे वण राहिले आणि गमबूट घातल्याशिवाय ते पाटात उतरेनासे झाले, त्या बुटांना शिव्या घालत का होईना.

मायकलचा फ्लॅट तिसऱ्या वर्षी विकला गेला. नव्या माणसांना त्याने जमिनीचा सगळा इतिहास सांगितला, मंडळाचे अहवाल दाखवले, आणि तरी त्यांनी घेतला. निघण्याच्या दिवशी सालोमीबाईंची खुर्ची शेवटची खाली उतरली तेव्हा जितेंद्र चौथा होताच. रेजिनाने अश्लेषाला मिठी मारली. मायकलने टेम्पोच्या दारातून हात वर केला. तो जितेंद्रला केला की दोघांना, हे अश्लेषाला नीट कळलं नाही. तेवढ्यावर तिने समाधान मानलं.

त्या वर्षीच्या वार्षिक सभेत नवा सेक्रेटरी निवडला गेला. अश्लेषाचं नाव कुणी सुचवलं नाही, आणि तिला मनातून बरंच वाटलं. आता रविवार आपला, असं तिने घरी जाहीर करून टाकलं.

पुढच्याच रविवारी सकाळी यशोदाकाकी दारात उभ्या. नेसून-सवरून, पायात चपला, कुठेतरी निघालेल्या. त्यांची धाकटी बहीण नायगावपलीकडे जूचंद्रला दिलेली होती. तिच्या घरामागे एक कारखाना चार वर्षांपूर्वी बंद पडलाय, कशाचा ते तिला माहीत नाही, पण विहिरीवर तेलासारखा तवंग येतो आणि गुरं ते पाणी तोंडात घेत नाहीत. गावातले म्हणतात, काही नाही, साचलेल्या पाण्याला असं येतंच.

"बहिनीला म्हटलं, आमच्याकडे एक बाई हाय," काकी म्हणाल्या. "येशील?"

आतून जितेंद्रने ऐकलं. त्याने पेपर खाली ठेवला आणि, अनुष्काला मी बघतो, असं सांगितलं. अश्लेषाने चहा घेऊन जाऊ म्हटलं, पण काकी बसायला तयार नव्हत्या. नायगावला जाणारी एसटी चुकली तर दुसरी तासाने होती. तिने कपाटातून धुतलेल्या बाटल्या काढल्या, पिशवीत भरल्या आणि दोघी निघाल्या.